हुरड्याचं निमित्त

अगं ए, कानातलं ते काढ जरा. मीटिंग चाललीय? मग तुझा आवाज बंद कर नि माझा ऐक. ही पिशवी धर भिंतीवरून. खालून धर, ओली आहे. पावटा आहे, हरभऱ्याचे डहाळे आहेत नि कागदात बांधलाय तो हुरडा. आजच खा. उद्यापर्यंत दाणा निबर होतो, मग मला बोल लावशील.

कुठं होते म्हणजे काय? माहेरी. सूनबाईनं सांगितलं नाही? ती नाहीच सांगायची. आमची वाडी चाकणच्या पुढं. वाकीचा पूल ओलांडला की आत वळायचं, भामा नदीच्या कडंनं. नाशिक फाट्यावरून बस धरली की मोशीपर्यंत काही वाटत नाही, पण चाकणच्या चौकात एकदा अडकलं, की बसमधल्या बायकांची आपसात सोयरीक जुळावी एवढा वेळ मिळतो.

तर झालं असं, वहिनी गोठ्यात घसरली. उजवं मनगट प्लास्टरमध्ये. नि नेमकी कांद्याची लागण तोंडावर. दादाचा फोन आला, "बाई, येतीस का आठवडाभर?" दादा कधी कुणाला काही मागत नाही. तो मागतो म्हणजे घरात चूल पेटायची पंचाईत झालेली असते. म्हणलं, येते.

संक्रांतीला घर सोडून गेले म्हणून आमच्या सूनबाईला वाईट वाटलं असेल असं तुला वाटतं? आनंद झाला तिला. तोंडावर दाखवला नाही एवढी पोर शहाणी आहे. पाच सुगडी, आत ऊस, बोरं, गाजर, ओंबी, सगळं कापून-बिपून, मोबाइलवरून मागवलं. दहा मिनिटांत दारात. मी काही बोलले नाही. ववसा झाल्याशी मतलब. पण भोगीची भाजीसुद्धा चिरून पाकिटात मिळते हे मला ठाऊक नव्हतं हो! पाकिटावर सतरा भाज्यांची नावं नि आत अर्धा किलो गाजर.

माहेरी भोगी म्हणजे बांधावरून चक्कर मारून यायची. वांगी झाडाची, घेवडा कुंपणावरचा, पावटा, ओला हरभरा, पातीचा कांदा. बोरं ओढ्याच्या कडंची. तीळ नि गाजर तेवढं विकत. बाजरीच्या भाकरीला तीळ लावून थापायची, वर लोणी. तुझ्या अमरावतीला काय करतात गं? बरं, ते मग सांग.

कांद्याचं सांगते. दादाचं बी राजगुरुनगरचं, भीमा शक्ती. राजगुरुनगरला कांदा-लसणाचं मोठं संशोधन केंद्र आहे, दिल्लीचं, म्हणजे देशाचं. भीमा किरण, भीमा शक्ती, भीमा राज ही सगळी तिथली बाळं. आमच्या वाडीपासून म्हणशील तर हाकेच्या अंतरावर. दादा तिथं जाऊन साहेबांशी वाद घालून येतो नि मग त्यांनी सांगितलेलंच करतो. एकराला तीन-चार किलो बी, गादीवाफ्यावर टाकायचं, सात-आठ आठवड्यांनी रोप उपटून वाफ्यात लावायचं. रोप एकदा तयार झालं की थांबत नाही. लागण लांबली तर पुढं डेंगळे निघतात, कांद्याच्या पोटातून फुलाचा दांडा वर येतो, नि असला कांदा बाजारात कुणी हातात घेत नाही. म्हणून वहिनीचं मनगट असो नाहीतर कुणाचं काही असो, लागण म्हणजे लागण.

बाया सोमवारी सकाळी पिकअपमधून आल्या. आदिवासी पट्ट्यातल्या, पश्चिमेकडच्या. टोळीनं उक्तं घेतात, एकराचा काय तो भाव ठरवून. भिजलेल्या वाफ्यात वाकून मागं मागं सरकत जायचं, अंगठ्यानं रोप दाबायचं, चार-सहा बोटं सोडून पुढचं. जानेवारीतलं पाणी, सकाळी नऊला पायाच्या पोटऱ्या निळ्या पडतात. मी बांधावरून रोपाच्या जुड्या पुरवत होते, तेवढ्यानंच माझी कंबर धरली. त्यांचं मात्र तोंड चालू, हात चालू, नि कमरेच्या पिशवीत गाणी चालू. लाडक्या बहिणीचा विषय निघाला. डिसेंबर-जानेवारीचे हप्ते एकदम संक्रांतीच्या आधी येणार असं कुणी सांगितलं होतं, नि मग निवडणूक आयोगानं जानेवारीचा आगाऊ द्यायला मनाई केली. एक बाई म्हणाली, "ह्यांची निवडणूक आपल्या दीड हजारात कशी काय येते?" मला उत्तर देता आलं नाही. तुला येतं?

मंगळवारी भोगी म्हणून लवकर सुटल्या. बुधवारी कुणी येणार नाही, संक्रांत. राहिलेलं गुरुवारी. म्हणजे वाफे भिजवायचं गणित आलं. नि आता ऐक, खरी गंमत इथं आहे.

वहिनीच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलंय. ते तू वाचलंस तर तुझी ती ऑफिसची एक्सेल का काय ती विसरशील. तीन रंगांची पेनं दोरीला बांधून ठेवलीत. निळा रंग विहिरीचा. विहीर दादाची नि आमच्या चुलतभावाची सामाईक. चार दिवस ह्यांचं पाणी, चार दिवस त्यांचं. लाल रंग लाइटचा. शेतीची थ्री-फेज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. दिवसा असली की आठ तास, रात्री असली की दहा. नि हिरवा रंग भाच्याच्या शिफ्टचा. तो चाकणला कंपनीत आहे, परमनंट. एक आठवडा फर्स्ट, मग थर्ड, मग सेकंड. आता विहीर आपली पाहिजे, लाइट पाहिजे, नि दारं धरायला पोरगा घरी पाहिजे. तिन्ही रंग एका चौकटीत आले की कांद्याला पाणी.

तू मला दर दोन दिवसांनी भिंतीवरून विचारतेस, काकू, आज पाण्याचा दिवस आहे का? २०१९च्या नोव्हेंबरपासून महापालिका दिवसाआड पाणी सोडते तर अख्खी सोसायटी वैतागलीय. वहिनीपुढं हे रडगाणं गायलं तर ती तुला ते कॅलेंडर भेट देईल.

वहिनीकडं लाइटचं बिल मात्र येत नाही. एप्रिल २०२४पासून साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज फुकट. दादा म्हणतो, फुकटची लाइट भुतासारखी रात्रीच येणार.

नि रात्रीचं म्हणजे नुसती थंडी नाही गं, बिबट्या. तू बातम्यांत बघितलं असशील, शिरूरकडं पिंपरखेडला माणसं मारली, नोव्हेंबरात मंचरला लोकांनी नाशिक हायवे अडवून धरला. बायका गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जातानाचे फोटो आले होते. आमच्या वाडीला ऊस कमी आहे, पण नदीकडंनं आहेच, नि ऊसतोड लागली की तो तिथनं उठून कुठंही जातो. दादाचा कुत्रा दिवाळीपासून नाही. कुणी त्याबद्दल बोलत नाही. त्या आठवड्यात लाइट रात्रीची होती नि भाच्याची सेकंड शिफ्ट. साडेअकराला सुटायचा, कंपनीची बस हायवेला सोडायची, घरी येऊन चार घास खायचा नि बॅटरी घेऊन थेट वाफ्यावर. दादा बरोबर काठी घेऊन. मोबाइलवर कीर्तन लावायचे मोठ्या आवाजात, म्हणजे जनावराला कळावं माणूस आहे. मी पडवीत गोधडी घेऊन जागी. बाबामहाराजांचा आवाज लांब गेला की आई विचारायची, "आता कुठल्या वाफ्यात असतील गं?" आवाज जवळ आला की ती घोरायला लागायची.

दुपारी दोनला भाचा पुन्हा कंपनीच्या बसला. मी म्हणलं, अरे झोपतोस कधी? म्हणाला, "आत्या, बसमध्ये. जागा मिळाली तर."

मी मनात हिशोब करत होते. बियाचे पैसे पगारातून. लागणीचे पैसे पगारातून. फवारणी, खत, सगळं पगारातून. कांदा निघणार एप्रिल-मेमध्ये, बराखीत भरणार, मग भावाची वाट बघणार. २०२३च्या ऑगस्टात सरकारनं कांद्याच्या निर्यातीवर चाळीस टक्के शुल्क लावलं तेव्हा दादाची बराख गच्च भरलेली होती. कांदा सडत होता नि वास वाडीच्या वेशीपर्यंत. त्या वर्षी भाच्याचा बोनस कांद्यानं खाल्ला. तरी पुढच्या वर्षी लागण केलीच. मी स्पष्ट बोलले दादाला, तुझं शेत कंपनी पिकवते. रागावला नाही. म्हणाला, "मग कंपनीच्या कॅन्टीनला कांदा कोण पिकवतं?" ह्याच्याशी वाद घालून उपयोग नाही.

आपलं काय वेगळं होतं म्हणा. तुझी बिल्डिंग उभी आहे तिथं आमची मेथी असायची. मी लग्न होऊन आले तेव्हा पिंपळे सौदागर महापालिकेत येऊन थोडीच वर्षं झालेली, १९८२ला आलं. सासरे म्हणायचे, काही बदलत नसतं, घरपट्टी तेवढी येते. भल्या पहाटे जुड्या बांधून सायकलवर मंडईला. मग आधी सासऱ्यांचे धाकटे भाऊ कंपनीत लागले, मग आमचे हे, मग मेथीला कुणी उरलं नाही, मग बिल्डर आला. म्हणजे जमीन बिल्डरनं नाही घेतली, शिफ्टनं घेतली आधी. दादाकडं शिफ्ट आली, नि ती जमीन धरून बसलीय. का ते मला अजून नीट उमगलेलं नाही. बहुतेक वहिनीच्या त्या तीन पेनांमुळं.

हां, संक्रांत! यंदा १४ जानेवारीलाच एकादशी आली ना, षट्‌तिला. आमची आई माळकरी. एवढी वर्षं आळंदी चुकली नाही तिची. वहिनीनं डाव्या हातानं तिळाच्या वड्या थापलेल्या, मी गूळपोळीचं सारण केलेलं, नि आई म्हणते मी काही खाणार नाही. म्हणलं, आई, तीळ उपासाला चालतात. "कोण म्हणतं?" म्हणलं, एकादशीचं नावच तिळाचं. "नाव काहीही असंल, तीळ भाजलाय कशात? पोळीच्या तव्यावर." सकाळी सात ते अकरा हा वाद. शेजारचे आजोबा येऊन शास्त्र सांगून गेले, तीळ अंगाला लावायचे, तीळ दान करायचे, तीळ खायचे, असे सहा प्रकार. आईनं सगळं ऐकलं, मान डोलावली, नि वड्या डब्यात भरून उशाला ठेवल्या. द्वादशीला पहाटे साडेपाचला डबा उघडल्याचा आवाज आला असं वहिनीनं मला नंतर फोनवर सांगितलं. मी तेव्हा नव्हते तिथं. मी मतदानाला इकडं आले होते ना! तुझ्या पुढं पाचच माणसं होती रांगेत, मी हात केला तर तू मोबाइलमध्ये.

बुधवारी रात्री मुलगा न्यायला आला. दोन उमेदवारांच्या गाड्या तयार होत्या बरं का मला आणायला, चाकणच्या पुढून! एकानं तर विचारलं, अजून कोण कोण आहे तिकडं? मी म्हणलं, मुलगा आणेल. आई मात्र कुरकुरली, गुरुवारी किंक्रांत, करिदिनाला कुणी मत टाकतं का? म्हणलं, आई, महापालिकेची निवडणूक २०१७नंतर आत्ता येतीय, २०२२पासून नुसता प्रशासक, आता मुहूर्त बघत बसले तर माझ्या तेराव्यालाच मत पडेल. चार बटणं दाबली, चौघांपैकी दोघांचीच नावं ओळखीची. ते जाऊ दे. निकाल तू वाचलाच असशील.

शुक्रवारी परत गेले. का परत? अगं, शनिवारी पाहुणे होते ना! तेच तर सांगायचंय.

भाच्यासाठी दोन वर्षं मुली बघताहेत. पगार बरा, परमनंट, दिसायला माझ्या वडिलांवर गेलाय, म्हणजे बरा. पण स्थळ आलं की पहिला प्रश्न, शहरात फ्लॅट आहे का? दुसरा प्रश्न, शेती आहे का? शेती पाहिजे असते हं, नसली तर चालत नाही. पण मुलीनं शेतात जायचं नाही ही अट त्याच दमात. एका बाईनं तर विचारलं होतं, "गाय आहे म्हणता, मग ती कुणाच्या ताब्यात असते?" जणू किल्ल्या विचारतेय.

ही मुलगी मोशीत राहणारी, मूळची पारनेरकडची. चाकणच्याच एका कंपनीत प्रॉडक्शन प्लॅनिंगला. मध्यस्थानं शनिवार ठरवला, मुलीला साप्ताहिक सुट्टी. आणि आई आडवी आली. पौष! पौषात मुलगी बघतात का? एक दिवस अबोला, एक वेळ जेवण नाही. शेवटी वहिनीनं तोडगा काढला. म्हणाली, "आत्याबाई, मुलगी बघायला कोण येतंय? हुरडा खायला येताहेत." आई म्हणाली, हुरड्याला पौष चालतो. झालं!

दादानं ओढ्याच्या कडंला ज्वारीचा पट्टा ठेवलेला असतोच घरच्यापुरता. आगटी पेटवली, गोवऱ्यांची. कणसं खुपसायची, भाजली की हातावर चोळायची, गरम गरम. लसणाची चटणी, शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. मुलीचा बाप खुलला, पारनेरच्या आठवणी निघाल्या, त्याच्या गावच्या ज्वारीपुढं ही काहीच नाही म्हणाला नि चार कणसं जास्त खाल्ली. मुलीची आई मात्र साडी सावरून खुर्चीत. धूर तिच्याकडंच जात होता, त्याला कोण काय करणार.

मुलगी पाणी मागायला म्हणून आत आली स्वयंपाकघरात. मी ताक घुसळत होते, वहिनी एका हातानं वाट्या मांडत होती. पोरगी पाणी प्यायली नि कॅलेंडरपुढं उभी राहिली. बराच वेळ. मग म्हणाली, "काकू, निळं म्हणजे पाणी का?" वहिनी बघतच राहिली. कुणी सांगितलं नव्हतं गं तिला. पान उलटून बघितलं, परत मागं आली, बोट ठेवलं. "अठ्ठावीस ते एकतीस जानेवारी. विहीर तुमची आहे, लाइट रात्रीची आहे, नि ह्यांची थर्ड शिफ्ट आहे. ह्या चार रात्री दारं कोण धरणार?"

मी ताक थांबवलं. नव्या लागणीला आंबवणी दिली तरी पुढचं पाणी चुकवून चालत नाही, हे मला कळत होतं, वहिनीला कळत होतं, पण बोललं कुणीच नव्हतं. दादा दारातच उभा होता. म्हणाला, "मी आहे की." मुलगी म्हणाली, "एकटे?" दादा गप्प. भाचा मागून म्हणाला, "मी रजा टाकीन." ती वळून त्याला म्हणते, "दर महिन्याला?"

अगदी सरळ विचारलं, तोऱ्यात नाही. आमच्या भाच्याचे कान लाल झाले. मला ती तिथंच आवडली. तिच्या आईनं बाहेरून हाक मारली नि पोरगी जाऊन शांतपणे हुरडा खायला बसली. जाताना वहिनीला म्हणाली, हिरवं पेन संपत आलंय.

रविवारी संध्याकाळी मध्यस्थाचा फोन. अमावास्या! आईनं फोन उचलूच दिला नाही. वाजून वाजून बंद झाला. सोमवारी माघ लागला, सकाळी सहाला आईनं स्वतः दादाला उठवलं, आता लाव म्हणाली. निरोप असा की मुलीला मुलगा पसंत आहे. फ्लॅट मागितला नाही. गाईचं काही म्हणणं नाही. फक्त रात्रीच्या पाण्याचं काय ते आधी ठरवा नि कळवा.

दादा चिडला, ही काय अट झाली? वहिनी म्हणाली, एवढ्या वर्षांत मीच घालायला पाहिजे होती. मग जे सगळं घर ढवळून निघालं! भाच्याला ह्या आठवड्यात फर्स्ट शिफ्ट, साडेतीनला सुटला तो तडक ऑनलाइनच्या दुकानात. मागेल त्याला सौर कृषी पंप, ती योजना. शेतकऱ्यानं दहा टक्के भरायचे, बाकी सरकारचं. सूर्य दिवसाच उगवतो, तेवढा लाल रंग कायमचा गेला. आता मेख ऐक. अडीच एकरापर्यंत जमीन असेल तर तीन एचपीचा पंप, त्याच्यावर असेल तर पाचचा. तीनचा पंप त्या विहिरीवरनं वरच्या वाफ्याला पाणी काय चढवणार? सातबारा काढला. एक हेक्टर तीन आर. म्हणजे अडीच एकर नि वर दोन गुंठे!

हेच ते दोन गुंठे. चुलतभावानं नांगरताना बांध कोरत कोरत खाल्लेत असं दादाचं म्हणणं, नि दादाच्याच बापानं आधी ढकललेत असं त्याचं म्हणणं. दोघं सात-आठ वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. विहिरीची पाळी बदलताना मोटारीची किल्ली खिळ्याला टांगून जातात, हातात देत नाहीत. दोन गुंठे पाचाच्या पंपाला उपयोगी पडले म्हणून दादा खूश. सध्याचं मीटरही चुलतभावाच्या नावावर, म्हणजे दादाच्या नावावर जोडणीच नाही, म्हणून अर्ज बसतो असं दुकानदार म्हणाला. दादाला वाटलं सगळं देवानंच जुळवून आणलं. मग दुकानदारानं कागदांची यादी वाचली. विहीर सामाईक असेल तर दुसऱ्या हिस्सेदाराचं ना-हरकत पाहिजे, स्टॅम्पवर.

दादा म्हणाला, लग्न नको.

अगं, खरंच म्हणाला! वहिनीनं प्लास्टरचा हात टेबलावर आपटला, ते तडकलं की काय कुणास ठाऊक. मग सगळे माझ्याकडं बघायला लागले. कारण मी दोघांचीही बहीण. भाऊबीजेला दोन्ही घरी ओवाळते, साडी दोन्हीकडची घेते. रथसप्तमी २५ तारखेला, तोवर तिळगूळ द्यायला कुणाच्याही दारात जाता येतं. आईच्या उशाच्या डब्यात चार वड्या उरल्या होत्या, त्या घेतल्या नि बांध ओलांडून गेले.

चुलतभाऊ ओसरीवर. बायको चहा ठेवायला आत गेली ती आतूनच ऐकत होती. मी सगळं सांगितलं, मुलगी, कॅलेंडर, चार रात्री. तो म्हणाला, मुलगी हुशार आहे. मग म्हणाला, सही देतो. मी म्हणलं, देवा! तेवढ्यात बायको चहा घेऊन बाहेर. "सही देऊ की. पण बांधावरचा आंबा आमचा म्हणून तुमच्या दादांनी लिहून द्यायचं."

मी तसाच निरोप घेऊन परत. दादा म्हणतो, प्राण गेला तरी आंबा देणार नाही. भाचा म्हणतो, मीच लिहून देतो. त्याच्या लिहिण्याला काय किंमत, सातबारा दादाच्या नावावर. आता शनिवारी परत जातेय मी, आणखी वड्या करून. तुझ्याकडं चिकीचा गूळ आहे का गं थोडा? आमच्या सूनबाईनं सेंद्रिय का काय तो आणलाय, त्याची वडी धरत नाही.

नि तो आंबा म्हणशील तर मी लग्न होऊन इकडं आल्यापासून त्याला एकदाही कैरी धरलेली मी पाहिलेली नाही.